पाच वेळा स्टर्नली

"आत हो," अनसाबाई म्हणाली. "काय बघतीस टकामका? आत हो म्हणते न्हवं."

उंबऱ्यावर बसलेली वैजू उठली आणि आत गेली. मी मांडीवरच्या वहीत तशी नोंद केली.

भाद्रपद चालू होता. घाट चढून वर आलं की त्या दिवसांत धुक्याला ना सुरुवात असते ना शेवट. एस.टी.तून उतरून उंबरदऱ्याच्या पायवाटेला लागले तेव्हा मला फक्त माझी पावलं दिसत होती, आणि मधूनमधून तीही नाही. कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजे, पण म्हैस शेवटपर्यंत दिसली नाही. अनसाबाईच्या घरातही धुकं खुशाल शिरलं होतं. चुलीचा धूर त्यात मिसळला होता, वर दोरीवर ओले कपडे वाळत होते, आणि मी झोपेत कुणाच्या तरी घरी येऊन बसल्यासारखी पाटावर बसले होते. या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. त्या घराला दारं किती होती हे मला आज सांगता येणार नाही, पण तिथला प्रत्येक आवाज आठवतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेली आणि त्या पदवीचा चांगलाच ताठा असलेली. डोंगरावरच्या एका बालसदनात मला नोकरी लागली होती. वैजू आमच्या सदनातली, पाच वर्षांची. कुणीतरी तिला एस.टी. स्टँडवर सोडून गेलं होतं. अनसाबाई आणि तिचा नवरा केरबा कासुर्डे यांनी मूल मागण्यासाठी अर्ज केला होता आणि वैजू सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांच्याकडे राहत होती. सहा महिने संपत आले होते. आता मी घर बघायचं, रिपोर्ट लिहायचा, आणि त्यावरून कमिटी ठरवणार की वैजू कायमची इथली की परत आमची. अनसाबाईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली, हे फाइलमध्ये एका ओळीत होतं. ती ओळ मी वाचली होती.

"चांगली बाळसं धरायला लागलीय की वैजू," मी म्हणाले. "गाल बघा कसे भरलेत."

अनसाबाईने हातातली फुंकणी खाली ठेवली. पन्नाशीकडे झुकलेली, काटक बाई. कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या.

"गाल कसलं भरत्यात," ती म्हणाली. "खात न्हाई, पीत न्हाई. नुसती किरकिर दिसभर. कारटी हाय."

"तोंड धुतलेलं नाही का आज तिचं? गालाला काजळी लागलीय."

"ऱ्हाऊ द्या. तिला काय मिरवायला जायाचंय?"

"आणि मध्ये आम्ही नवा झगा पाठवला होता, पिवळा. तो घालत नाही?"

"ठेवलाय वर फडताळात."

वैजू दाराच्या फटीतून परत डोकावली. तिच्या अंगात उसवलेला, रंग उडालेला झगा होता. मी तिला बिस्किटाचा पुडा दाखवला. ती हसली, आणि खरं सांगते, त्या धुरकट घरात कुणीतरी दिवा लावावा तसं झालं. मी बोलून गेले, "काय गोड हसते हो!"

"ये कारटे!" अनसाबाई एवढ्या जोरात म्हणाली की मीच दचकले. "सांगितलं न्हवं आत बस म्हणून? फिरून भाईर दिसलीस तर बघ."

वैजू आत गेली. रडली नाही, घाबरलेलीही वाटली नाही. मी लिहिलं, मूल निमूटपणे माघारी गेलं.

केरबा कोपऱ्यात गवताचे पेंढे बांधत बसला होता. त्याने घसा खाकरला. "म्याडम, हिच्या बोलण्याचं काय हाय, ते तुमी..."

"तुमी म्हशीकडं बघा जावा," अनसाबाई म्हणाली. केरबा इरलं डोक्यावर घेऊन उठला आणि दारातून बाहेर पाऊल टाकताच धुक्यात नाहीसा झाला.

मग मी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी आले होते. "अनसाबाई, तुम्हाला ती हवी आहे ना? कायमची?"

ती चुलीकडे वळली. एक लाकूड आत सरकवलं, दुसरं बाहेर ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलीया तर ऱ्हाईल. न्हाई तर जाईल. आपल्या हातात काय हाय?"

मी वही मिटली. गुळाचा चहा संपवला. तो फार छान होता, हे मात्र मी कुठेच लिहिलं नाही.

आमच्या सदनाच्या प्रमुख बानूबाई. पासष्टीच्या पारशी बाई, आयुष्य डोंगरावर गेलेलं, लग्न केलेलं नाही. कमिटीतल्या तिघांपैकी दोघांना मराठी यथातथाच येई, म्हणून रिपोर्ट इंग्रजीत लागत, आणि बानूबाई ते तांबड्या पेन्सिलीने तपासत. माझे आधीचे दोन रिपोर्ट त्यांनी परत केले होते.

"ती बोलली, ती बोलली, ती बोलली," त्या म्हणाल्या होत्या. "अरे डिकरी, पण कशी बोलली? हसून बोलली? रडून बोलली? तू तिथे होती, मी नव्हते. मला दिसायला पायजे ना. म्हण्याच्या पुढे एक शब्द टाक."

म्हणून त्याच दिवशी, दिवेलागणीला, मी बक्षीस मिळालेली डिक्शनरी घेऊन बसले. अनसाबाई कशी बोलली? रागाने म्हणावं तर राग नव्हता. ओरडून म्हणावं तर एकदाच ओरडली. कठोर, नाराज, कपाळाला आठी घालून, समोरच्याचं चुकलंय असं दाखवत. शोधता शोधता शब्द सापडला, स्टर्नली. मी तो दोनतीनदा मोठ्याने म्हणून बघितला. काय भारदस्त शब्द! शी सेड स्टर्नली. अनसाबाई डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली, निदान मला तरी तसं वाटलं. नवं लुगडं मिळालं की बाई चार घरी उगाच जाऊन येते. मी तो शब्द एकदा वापरला आणि मग मला राहवेना. गालांबद्दल बोलली तेव्हा स्टर्नली, झग्याबद्दल स्टर्नली, मुलीला आत पिटाळलं तेव्हा दोन्ही वेळा स्टर्नली, नवऱ्याला उठवलं तेव्हाही स्टर्नली. एकंदर पाच वेळा. लिहून झाल्यावर मी समाधानाने जेवले.

बानूबाईंनी रिपोर्ट वाचला. तांबडी पेन्सिल एकदाही टेकवली नाही. "आता दिसते मला ही बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बिचारी पोर."

ते पहिलं वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की दुसरं मी नीट ऐकलंच नाही.

शनिवारी कमिटी बसली. तिघांनीही अनसाबाईला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा रिपोर्ट पाहिला, आणि अर्ध्या तासात ठरलं की मूल परत आणावं. आणायला मीच जायचं होतं.

दुसऱ्या खेपेला धुकं आणखी दाट होतं. अनसाबाई अंगणातच उभी होती. मी वाटेत जुळवलेली वाक्यं भरभर म्हणून टाकली. कमिटीने ठरवलं आहे. तुम्ही मुलीशी फार कडक बोलता. मुलीच्या मनावर परिणाम होतो.

अनसाबाई ऐकत होती. मग तिने विचारलं, "कवा बोलले कडक?"

"मी आले होते ना, तेव्हा. मी ऐकलं की."

"तुमच्याम्होरंच बोलले न्हवं," ती म्हणाली.

मला वाटलं, कबूलच करतेय. मनात आलं, माझ्यासमोर अशी, तर माझ्यामागे काय करत असेल! मी जरा कोरडेपणानेच म्हटलं, "वैजूचे कपडे द्या."

तिने फडताळातून पिवळा झगा काढला. तो कोरा असायला हवा होता, पण धुऊन धुऊन मऊ पडलेला दिसला. हेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. तिने तो वैजूला घातला, केस विंचरले, आणि चुलीतली राख बोटावर घेऊन गालाला फासली. वैजूने विचारलं, "तू येनार?"

"रडू नगंस," अनसाबाई म्हणाली. "गप जा." आणि ती पाठमोरी होऊन भांडी घासायला बसली. केरबाने वैजूला खांद्यावर बसवून फाट्यापर्यंत आणलं. गाडी हलली तेव्हा मागच्या काचेतून मी पाहिलं, आधी त्याचे पाय गेले, मग इरलं.

सदनात वैजू रडली नाही. ती फक्त जेवेना. ताट समोर आलं की दोन घास खाई आणि दाराकडे बघत बसे. बाकीच्या मुली खेळायला बोलवत, ही जात नसे. "सवय होईल," मी सगळ्यांना सांगत होते. चार दिवस झाले, तरी सवय झाली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मुली निजल्या होत्या. आमच्या सदनाला लांबलचक व्हरांडा होता आणि त्या टोकाला न्हाणीघर. मी वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगुळले. धुकं व्हरांड्यात येऊन खांबांना टेकून उभं होतं. कौलांवरून थेंब पडत होते, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. आणि त्या गुंगीत मला अनसाबाईचा आवाज आला.

"आत हो. काय बघतीस टकामका? कारटी हाय नुसती. खात न्हाई, पीत न्हाई."

मी ताडकन उठले. ही बाई इथवर आली! आवाज न्हाणीघराच्या बाजूने येत होता. मी अनवाणीच गेले आणि दाराशी थबकले.

तिथे अनसाबाई नव्हती. बंबाजवळ वैजू एकटीच बसली होती. पिवळा झगा तिने अंगातून काढला होता, त्याची गुंडाळी करून बाहुली केली होती, आणि ती मांडीवर घेतली होती. तोंडाने बोलणं चालू होतं, अगदी अनसाबाईचं, तोच स्वर, तशाच कपाळाला आठ्या. पण हात वेगळंच काही करत होते. एक हात बाहुलीच्या पाठीवरून सावकाश फिरत होता. दुसऱ्या हाताने ती बंबातली राख घेऊन बाहुलीच्या गालाला लावत होती. मग तिने दाराकडे बघून घेतलं. मी खांबाआड होते, तिला दिसले नाही. तिने बाहुली उचलली, नाकाला नाक लावलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माजं सोनं गं. माजी बाय."

माझ्या पायाखाली एक काटकी मोडली. वैजूने झटकन बाहुली पाठीमागे लपवली आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"लई वाईट हाय ही," ती म्हणाली. "जेवत न्हाई."

मी तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. "पण आत्ता तर तू तिचे लाड करत होतीस."

"तुमी न्हवता ना."

"मी असले तर?"

वैजूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मोठी माणसं अडाणी माणसाकडे बघतात. "मानसाम्होरं लाड करायचा नसतो. नजर लागती. आदीची तीन गेली, तवा आईला ठावं न्हवतं. ती समद्यांम्होरं लाड करायची." तिने बाहुली पुन्हा पुढे घेतली. "मानूस आलं की वाईट बोलायचं. मानूस गेलं की करायचा."

"मी गेल्यावर काय करायची आई?"

"झगा घालायची. ह्यो पिवळा. आनि दूदभाकर चारायची. आनि नाकाला नाक." मग तिने मला तिच्या मनातलं विचारलं. "बाई, तुमी कवा जानार? तुमी गेल्याबिगर आई येनार न्हाई."

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. माझं स्वतःचं घर पुण्याचं, पण माझ्या आजोळीही बाळाला बघून कुणी 'काय गुटगुटीत' म्हटलं की मामी बोलण्याचा विषय बदलायची. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी वही उघडली तेव्हा ते घरी ठेवून आले होते.

तशीच बानूबाईंच्या खोलीत गेले. त्या पत्रं लिहीत होत्या. मी सगळं सांगितलं, तीन मुलांपासून नाकाला नाक लावण्यापर्यंत. तो शब्द मला कसा आवडला होता आणि मी तो कसा पुन्हापुन्हा वापरला, तेही सांगितलं. वाटलं, आता नोकरी जाणार. जाऊ दे म्हटलं.

बानूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर काहीही दिसत नव्हतं. "माझी ममई, माझ्या आईची आई," त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांच्या समोर काळी डुक्कर बोलायची. मी तर गोरी होते." मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं कानशिलावर टेकवून कडाकडा मोडली, पारशी खोलीत, फुलांच्या पडद्यांसमोर, आणि स्वतःशीच हसल्या.

त्यांनी रिपोर्ट मागवला. तांबडी पेन्सिल घेतली आणि स्टर्नली खोडला. पान उलटलं, दुसरा खोडला. पाचही खोडून झाल्यावर पेन्सिल तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, "मग कशी बोलली ती? काय लिहू?"

मी डिक्शनरीतले सगळे शब्द आठवून बघितले. "मला माहीत नाही, बाई. मी समोर होते."

बानूबाईंनी तिथे काहीच लिहिलं नाही. त्यांनी फोन जवळ ओढला आणि कमिटीच्या तिघांना एकेक करून सांगितलं की रिपोर्टमध्ये चूक झाली आहे, ती चूक त्यांची स्वतःची आहे, आणि मूल उद्या परत जाईल. एकजण पलीकडून बराच वाद घालत असावा. "नाही, डॉक्टर," बानूबाई म्हणाल्या, "उद्या." त्या कशा म्हणाल्या हे मला अगदी चांगलं सांगता येईल, पण सांगत नाही.

तिसऱ्या खेपेला मी वैजूचा हात धरून पायवाटेने चालले होते. खरं तर तिनेच माझा धरला होता, कारण मला काही दिसत नव्हतं आणि तिला दिसायची गरज नव्हती. "हितं खड्डा हाय," ती सांगे, आणि तिथे खड्डा असे. पिवळा झगा धुक्यात पुढे पुढे चालला होता. घंटा ऐकू आली. मग धुराचा वास आला. मग घराच्या आधी अनसाबाईच दिसली, डोक्यावर गवताचा भारा, वाटेत उभी.

तिने वैजूकडे पाहिलं. भारा डोक्यावरून घसरला आणि खाली पडला. तिने तो उचलला नाही. हात थोडे पुढे आले होते. मग तिची नजर माझ्यावर गेली, आणि हात पुन्हा पदराशी गेले. कपाळावरच्या दोन आठ्या जागच्या जागी आल्या.

"आलीस व्हय?" ती वैजूला म्हणाली. "बघ पाय कसं भरवलंस चिखलात. व्हय म्होरं, पाय धू."

वैजू तिथेच उभी राहिली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. न्हाणीघरात तिने विचारलेलं मला आठवलं, तुमी कवा जानार?

बघणं हीच माझी नोकरी होती. मूल घरी कसं परतलं, बाईने त्याला कसं घेतलं, हेच तर लिहायचं होतं, आणि ते बघायची मला फार ओढ लागली होती. "अनसाबाई," मी म्हणाले, "कागदावर अंगठा उद्या केरबांना सदनात येऊन करायला सांगा. आता वैजू तुमची. कारटीच आहे. अजिबात जेवत नाही."

अनसाबाईने माझ्याकडे चमकून पाहिलं. तिचे डोळे एकदम भरले.

"चहा घिऊन जावा की," ती म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "मी जाते. मी गेले."

मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. चार पावलांवर धुकं माझ्यामागे मिटलं असणार. तरी मी थांबले नाही, उगाच मोठ्याने पाय आपटत चालले, म्हणजे त्यांना कळावं की माणूस लांब गेलं. मागून काही आवाज आले. हसण्याचे होते की रडण्याचे, ते मी ऐकून घेतलं नाही. वळणावर वळून बघावं असं फार वाटलं. मी बघितलं नाही.

संध्याकाळी मी शेवटचा रिपोर्ट लिहून बानूबाईंपुढे ठेवला. चारच ओळी होत्या. मूल घरी पोचवलं. बाई म्हणाली, पाय धू. मग मी निघाले. पुढचं मी पाहिलं नाही.

बानूबाईंनी तो वाचला. तांबडी पेन्सिल 'म्हणाली'पाशी येऊन थांबली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि सही केली.